सौर पॅनेल, बॅटरी आणि गरजेचे माप : सामूहिक वीजव्यवस्थेतील क्षमतानिश्चितीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखाद्या घरासाठी किती किलोवॅटचे सौर पॅनेल बसवावे आणि त्यास किती क्षमतेची बॅटरी जोडावी, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्याच्या कक्षेतील मानला जातो. घराचा रोजचा वीजवापर, त्या ठिकाणी मिळणारा सूर्यप्रकाश, सलग ढगाळ दिवसांची संख्या आणि बॅटरी किती उतरू द्यावयाची याचे प्रमाण, या चार गोष्टी हाती आल्या की उत्तर गणिताने निघते, असा समज रूढ आहे. हा समज अपुरा आहे. या चारांपैकी सूर्यप्रकाश निसर्ग ठरवितो. उरलेल्या गोष्टींत मात्र माणसांचे निर्णय मिसळलेले असतात. किती वापर 'गरज' म्हणून मान्य करावयाचा, किती दिवसांचा अंधार सोसण्याची तयारी ठेवावयाची आणि तुटवडा आला तर प्रथम कोणाची वीज बंद करावयाची, हे प्रश्न मूलतः सामाजिक आहेत. अनेक घरे एकत्र येऊन वीजनिर्मिती आणि साठवण करू लागली, म्हणजे ज्यास आज 'ऊर्जा-समुदाय' म्हटले जाते त्याची स्थापना झाली, की हे प्रश्न टाळता येत नाहीत.

प्रस्तुत लेखात १९५४ पासूनच्या सात दशकांतील काही निवडक प्रयोगांचा आढावा घेतला आहे. तुटवडा कोणी व कसा सोसावयाचा याचा निर्णय क्षमतेच्या गणिताआधी येतो, आणि तो निर्णय उघडपणे घेतला गेला की नाही यावर यंत्रणेचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते, असे या आढाव्यातून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

गणिताची मांडणी

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी मूळ गणित स्पष्ट करणे अगत्याचे आहे. महिन्याला १५० युनिट, म्हणजे दिवसाला ५ युनिट वीज वापरणारे एक घर घेऊ. महाराष्ट्रात १ किलोवॅटच्या पॅनेलपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. या सरासरीवर विसंबल्यास सव्वा किलोवॅटचे पॅनेल पुरेसे ठरते. परंतु पावसाळ्यातील वाईट महिन्यात तेच पॅनेल दिवसाला अडीच युनिटच देईल असे धरले, तर २ किलोवॅट लागतात. बॅटरीतील व तारांतील घट धरल्यास त्याहूनही अधिक.

बॅटरीचेही तसेच. या घरास रात्री ३ युनिट लागतात आणि दोन दिवस सूर्य दिसला नाही तरी दिवे चालू राहावेत अशी अपेक्षा आहे, असे मानू. मग ६ युनिटांचा साठा हवा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरविल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्षात १२ युनिट क्षमतेची, म्हणजे ४८ व्होल्टवर २५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते. कुटुंबाने एकाच दिवसाच्या साठ्यावर समाधान मानले, तर ही क्षमता थेट निम्म्यावर येते. सूर्यप्रकाश तोच, उपकरणे तीच. बदलली ती केवळ अंधार सोसण्याची तयारी. पॅनेलच्या बाबतीत वार्षिक सरासरी धरावी की वाईट महिना, हाही असाच निर्णय आहे. या निर्णयांची उत्तरे वेगवेगळ्या काळांत कोणी दिली, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

यंत्रांची गरज : १९५४ ते १९७०

२५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनच्या सौरघटाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी विकसित केलेल्या या घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी ग्रामीण दूरध्वनी-वाहिनीला सौर पॅनेलवरून वीज देण्याचा प्रयोग करण्यात आला. दिवसा पॅनेलने बॅटरी भरावयाची आणि रात्री बॅटरीने वाहिनी चालवावयाची, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली जोडी तेथे दिसते. मार्च १९५८ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॅन्गार्ड-१ या उपग्रहातील रासायनिक बॅटरीवर चालणारा प्रक्षेपक काही महिन्यांतच बंद पडला, तर सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक १९६४ पर्यंत संदेश देत राहिला.

या काळातील ग्राहक यंत्र होते आणि यंत्राची मागणी ठरलेली होती. दूरध्वनीची वाहिनी किंवा उपग्रह काही काळ बंद राहणे परवडणारे नव्हते, म्हणून वर्षातील सर्वांत वाईट काळ हाच हिशेबाचा पाया ठरला आणि त्यावर सुरक्षिततेसाठी भर घालण्यात आली. ही पद्धत यंत्रांसाठी योग्यच होती. पुढे तीच पद्धत घरांसाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा तिच्यातील एक गृहीतक मात्र तपासले गेले नाही : घराची मागणी यंत्राच्या मागणीप्रमाणे स्थिर नसते. वीज आली की ती वाढते. वीज कमी आहे असे कळले आणि पटले, तर ती कमीही होते.

गावाची गरज : शुचुली आणि सागर बेट

संपूर्ण गावास सौर वीज पुरविण्याच्या आरंभीच्या प्रयोगांत ॲरिझोनातील शुचुली या आदिवासी वस्तीचे स्थान महत्त्वाचे आहे. डिसेंबर १९७८ मध्ये तेथे साडेतीन किलोवॅटची यंत्रणा सुरू झाली. तिची आखणी 'नासा'च्या लुईस संशोधन केंद्राने केली होती. आज एका मध्यमवर्गीय घराच्या छतावर बसते एवढ्याच क्षमतेवर तेथे १५ कुटुंबांचे दिवे व शीतकपाटे, सामाईक धुलाईयंत्र, शिवणयंत्र आणि पाण्याचा पंप चालत असे. हे कसे शक्य झाले? वापरावयाची उपकरणे आधीच ठरविलेली होती. धुलाईयंत्र घरोघरी नसून वस्तीत सामाईक होते. आणि बॅटरी उतरू लागली की कमी महत्त्वाचा वापर आधी खंडित करण्याची योजना यंत्रणेतच अंतर्भूत होती. तुटवड्याच्या वेळी कोणता वापर आधी थांबेल याचा क्रम ठरलेला असल्यामुळे यंत्रणा लहान ठेवता आली. १९८३ मध्ये मुख्य विद्युत्-जाळे वस्तीत पोहोचले, तेव्हा सौर यंत्रणा केवळ विहिरीच्या पाण्यासाठी राखून ठेवण्यात आली.

भारतात सुंदरबनातील सागर बेटावर १९९६ मध्ये कमलपूर येथे २६ किलोवॅटचे सौर वीजकेंद्र सुरू झाले. पश्चिम बंगाल नवीकरणीय ऊर्जा विकास अभिकरणाच्या पुढाकाराने बेटावर अशी अनेक केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या व्यवस्थापनात ग्राहकांच्या समित्यांना स्थान देण्यात आले. वीज संध्याकाळचे ठरावीक तास मिळे आणि आकारणी मीटरमधील युनिटांवर न होता मंजूर जोडणीच्या प्रमाणात दरमहा ठरलेल्या रकमेने होई. या पद्धतीत घराची गरज 'दिव्यांच्या जागा गुणिले तास' अशी मोजली जाते. हिशेब सोपा, बॅटरीवरील भार नियंत्रित आणि वसुली सुलभ, हे तिचे गुण होत. परंतु ठरावीक रक्कम भरणाऱ्यास चोरून एखादा जादा दिवा लावण्याचा मोह होतो आणि त्याचा भार सर्वांच्या बॅटरीवर पडतो. त्यामुळे शेजाऱ्यांची एकमेकांवरील देखरेख हा तांत्रिक आराखड्याचाच एक न लिहिलेला भाग बनतो.

विद्युत्-जाळे हीच बॅटरी : १९८३ ते २०१५

ज्या प्रदेशांत विद्युत्-जाळे आधीच पोहोचलेले होते, तेथे क्षमतेच्या हिशेबाला निराळे वळण लागले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये निव्वळ मापनाचा, म्हणजे 'नेट मीटरिंग'चा, कायदा केला. दिवसा जादा वीज जाळ्यात सोडावयाची आणि रात्री तेवढी परत घ्यावयाची, अशी सोय झाल्यावर घरातील बॅटरी अनावश्यक ठरली. जर्मनीने १९९० मध्ये 'हजार छपरे' कार्यक्रम आणि २००० मध्ये नवीकरणीय ऊर्जा कायदा अमलात आणला. तेथे जाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटास निश्चित दर मिळू लागल्याने पॅनेलची क्षमता घराच्या वापरावरून न ठरता छताच्या क्षेत्रफळावरून आणि गुंतवणुकीच्या ऐपतीवरून ठरू लागली. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये छतावरील सौर यंत्रणांसाठी निव्वळ मापनाचे विनियम केले. त्यांत पॅनेलची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भारापलीकडे नसावी अशी मर्यादा होती.

या टप्प्यावर वाईट महिन्याची जागा वार्षिक बेरजेने घेतली. पावसाळ्यातील तूट उन्हाळ्यातील वाढाव्याने भरून निघते असे कागदावर दिसू लागले. प्रत्यक्षात रात्रीची व पावसाळ्यातील वीज अन्य कोठे तरी तयार होत होती आणि तिच्या साठवणुकीचा किंवा निर्मितीचा खर्च जाळ्याच्या इतर ग्राहकांत वाटला जात होता. तुटवडा नाहीसा झालेला नव्हता. तो सोसणारा अदृश्य झाला होता.

जाळ्यावरील ताण वाढू लागल्यावर बॅटरी पुन्हा घरात आली. जर्मनीने मे २०१३ पासून घरगुती साठवणुकीस अर्थसाहाय्य देताना पॅनेलच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांहून अधिक वीज जाळ्यात सोडता येणार नाही, अशी अट घातली. २०१५ मध्ये टेस्ला कंपनीने भिंतीवर बसविण्याची लिथियम बॅटरी जाहीर केल्यावर हा विषय सर्वतोमुखी झाला. याच सुमारास बर्लिन येथील संशोधकांनी केलेल्या गणनांतून एक उपयुक्त प्रमाण पुढे आले : वार्षिक १००० युनिट वापरामागे १ किलोवॅट पॅनेल आणि १ युनिट साठवण असल्यास त्या हवामानात घराची निम्म्याहून अधिक गरज स्वतःच्या विजेवर भागू शकते. त्यापुढे बॅटरी दुप्पट केली तरी लाभ दुप्पट होत नाही. शेवटच्या काही टक्क्यांसाठी साठवणुकीचा खर्च अवाजवी वाढतो, ही बाब सामूहिक साठवणुकीचा विचार करताना विशेष महत्त्वाची आहे.

दोन सामूहिक प्रयोग : एग आणि धरनई

स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेले एग हे सुमारे शंभर वस्तीचे बेट १९९७ मध्ये रहिवाशांच्या संस्थेने जमीनमालकाकडून विकत घेतले. तोवर घरोघरी डिझेल जनित्रे चालत. फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. जलविद्युत, वारा आणि सूर्य या तिन्ही स्रोतांना सामाईक बॅटरी आणि आणीबाणीपुरते डिझेल यांची जोड देण्यात आली. आरंभी १० किलोवॅट असलेली सौर क्षमता पुढे सुमारे ५० किलोवॅटपर्यंत वाढविण्यात आली. या व्यवस्थेचा गाभा मात्र एका नियमात आहे : कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटहून आणि कोणत्याही व्यवसायाने १० किलोवॅटहून अधिक वीज ओढावयाची नाही. मर्यादा ओलांडल्यास त्या घरापुरता पुरवठा तुटतो. वीज विपुल असेल तेव्हा सामाईक इमारती तापविल्या जातात. ती कमी असेल तेव्हा वापर कमी करण्याचे आवाहन सर्वांना केले जाते.

येथे मर्यादा सर्व घरांस समान आहे. श्रीमंतास अधिक पैसे देऊन ती वाढवून मिळत नाही. सर्व घरांची कमाल मागणी एकाच क्षणी येत नाही, हे वीजउद्योगास विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होते. शिकागोतील सॅम्युअल इन्सल यांनी आपला व्यवसायविस्तार याच तत्त्वावर केला. एग बेटाने या तत्त्वास नियमाची जोड दिली. प्रत्येकाची कमाल मर्यादा ठरल्यामुळे समूहाच्या कमाल मागणीचा अंदाज विश्वासार्ह झाला आणि बॅटरी व रूपांतरक 'कदाचित लागेल' या भीतीपोटी मोठे घ्यावे लागले नाहीत.

याउलट उदाहरण बिहारमधील धरनई या गावाचे आहे. जहानाबाद जिल्ह्यातील या गावात जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने १०० किलोवॅटची सौर व्यवस्था उभी राहिली. त्यांपैकी ७० किलोवॅट सुमारे ४५० घरे व ५० दुकाने यांसाठी आणि ३० किलोवॅट शेतीच्या पंपांसाठी होते. घरांच्या वाट्यास येणारी वीज दिवे, पंखा आणि भ्रमणध्वनी एवढ्यापुरती होती. दूरचित्रवाणी संच आणि शीतकपाट घेण्याची इच्छा असलेल्या ग्रामस्थांना हे माप मान्य नव्हते. उद्घाटनाच्या सुमारासच त्यांनी 'खऱ्या विजे'ची मागणी राज्यकर्त्यांकडे केली, आणि लवकरच सवलतीच्या दराची मुख्य जाळ्यातील वीज गावात आली. काही वर्षांतच बॅटऱ्या निकामी झाल्या आणि केंद्र बंद पडले.

या दोन उदाहरणांची तुलना करताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. एग बेटास मुख्य जाळ्याचा पर्याय नव्हता. धरनईस तो स्वस्तात उपलब्ध झाला. दोन्ही ठिकाणच्या उत्पन्नातही मोठी तफावत आहे. तथापि, एक फरक या कारणांपलीकडे उरतो. एगची मर्यादा तेथील रहिवाशांनी आपल्याच संस्थेत ठरविली आणि ती धुलाईयंत्र चालण्याइतकी होती. धरनईत दरडोई माप मुळातच अपुरे होते आणि ते लोकांच्या आकांक्षांपेक्षा उपलब्ध निधी व प्रात्यक्षिकाचा हेतू यांच्याशी अधिक जुळत होते. 'खरी वीज' या शब्दांतून ग्रामस्थांनी सौरऊर्जा नाकारली नव्हती; त्यांनी आपल्या वाट्याचे माप नाकारले होते.

कायद्याने मान्य झालेला समुदाय

डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाने नवीकरणीय ऊर्जेविषयीच्या निर्देशात 'नवीकरणीय ऊर्जा-समुदाय' ही संकल्पना अंतर्भूत केली आणि २०१९ च्या वीजबाजारविषयक निर्देशात 'नागरिक ऊर्जा-समुदाया'स मान्यता दिली. इटलीने तिची अंमलबजावणी ज्या रीतीने केली ती क्षमतानिश्चितीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२० च्या अखेरीस पिडमाँट प्रांतातील माल्यानो आल्पी या लहान गावात नगरगृहाच्या छतावरील सुमारे २० किलोवॅटच्या पॅनेलभोवती असा समुदाय स्थापन झाला. इटलीच्या नियमानुसार प्रोत्साहनरक्कम मिळते ती 'सामायिक' विजेवर. सदस्यांच्या पॅनेलांनी एका तासात जाळ्यात सोडलेली वीज आणि त्याच तासात सदस्यांनी जाळ्यातून घेतलेली वीज, यांपैकी जी कमी ती सामायिक मानावयाची, अशी तिची व्याख्या आहे.

या व्याख्येने हिशेबाचे एकक वर्षावरून तासावर आणले. दुपारी पॅनेल भरघोस वीज देत असताना सदस्य घरी नसतील, तर पॅनेल मोठे करून प्रोत्साहन वाढत नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात : बॅटरी घेऊन दुपारची वीज संध्याकाळी वापरणे, किंवा दुपारी वीज लागणारा सदस्य समुदायात घेणे. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी किंवा पाणीपुरवठ्याचा पंप असा सदस्य मिळाल्यास तितकी बॅटरी वाचते. समुदायात कोण आहे हे ठरल्याशिवाय बॅटरी किती हवी हे ठरू शकत नाही, हा या पद्धतीचा महत्त्वाचा धडा होय.

भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील मोढेरा हे गाव सौरग्राम म्हणून घोषित झाले. तेथे १३०० हून अधिक घरांवर प्रत्येकी १ किलोवॅटचे पॅनेल बसविण्यात आले. त्याचबरोबर जवळच ६ मेगावॅटचे केंद्र आणि १५ मेगावॅट-तासांची सामाईक बॅटरी उभारण्यात आली. निर्मितीचा एक भाग घरोघरी आणि साठवण एका ठिकाणी, ही रचना तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाची आहे. कारण सामाईक बॅटरीत एका घराची बचत दुसऱ्या घराच्या कामी येते. मात्र या बॅटरीतील साठ्याचे वाटप कोणत्या नियमाने व्हावे, हे ठरविण्यात गावाचा वाटा किती असावा, हा प्रश्न अशा सर्व प्रकल्पांपुढे राहतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्य घर : मोफत वीज योजने'त घरगुती ग्राहकास १ किलोवॅटसाठी ३० हजार, २ किलोवॅटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपये अनुदान निश्चित करण्यात आले. महिना १५० युनिटांपर्यंतच्या वापरास १ ते २ किलोवॅट आणि १५० ते ३०० युनिटांस २ ते ३ किलोवॅट, असे मार्गदर्शक कोष्टकही दिले गेले. हे कोष्टक उपयुक्त आहे. तथापि त्यात जाळे हीच बॅटरी मानलेली आहे आणि घर म्हणजे स्वतःचे छत असलेले घर असे गृहीत आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपयांचे साहाय्य योजनेत आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु चाळीत, झोपडवस्तीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्यास छतच येत नसेल, तर त्याची गरज कोष्टकात बसत नाही. दिल्लीत २०१९ मध्ये दूरस्थ पॅनेलच्या विजेची अनेक ग्राहकांत विभागणी करण्याची व्यवस्था मान्य झाली. छत नसलेल्यांस सहभागी करून घेण्याचा तो एक मार्ग आहे.

सामूहिक साधनाचे माप ठरविण्याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा केला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्या क्षेत्रापुरते पाणी, भूमिहीनांसही वाटा आणि उसासारख्या पिकांस मनाई, असे तिचे नियम होते. वाटपाचा नियम आधी आणि उपशाची योजना नंतर, असा तिचा क्रम होता. पाणी आणि वीज यांत भेद आहेत. वीज क्षणोक्षणी जुळवावी लागते. तरीही छताच्या मालकीपासून विजेचा वाटा वेगळा करता येईल काय, हा प्रश्न पाणी पंचायतीच्या प्रश्नाचाच पुढचा टप्पा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) क्षमतानिश्चितीचे सूत्र प्रत्येक कालखंडात बदलले : यंत्रांसाठी वाईट महिना, गावांसाठी दिव्यांच्या जागा व तास, जाळ्याशी जोडलेल्या घरांसाठी वार्षिक बेरीज आणि ऊर्जा-समुदायांसाठी तासाचा मेळ. प्रत्येक सूत्रात तुटवडा सोसणारा घटक निराळा आहे.

२) वापराची मर्यादा किंवा अग्रक्रम आधी ठरल्यास पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लहान ठेवता येतात. शुचुली आणि एग यांचा अनुभव हेच सांगतो.

३) ही मर्यादा वापरणाऱ्यांनी ठरविली नसेल किंवा ती त्यांच्या किमान आकांक्षांहून खाली असेल, तर स्वस्त पर्याय मिळताच यंत्रणा सोडून दिली जाते. धरनईच्या अनुभवाचा हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

४) भिन्न वेळी वीज वापरणारे सदस्य एकत्र आणणे हा बॅटरीला अंशतः पर्याय ठरू शकतो. म्हणून सदस्यनिवड ही तांत्रिक आराखड्याचाच भाग मानावी लागेल.

पॅनेलच्या किमती गेल्या काही दशकांत अतिशय उतरल्यामुळे 'थोडे अधिकच बसवू' असे म्हणणे सोपे झाले आहे. बॅटरीच्या बाबतीत अद्याप तसे म्हणता येत नाही. शिवाय तिचे आयुष्य मर्यादित असल्याने ती पुन्हा विकत घेण्याचा प्रसंग प्रत्येक समुदायावर येणारच आहे. त्या वेळी पैसे कोणी किती द्यावयाचे याचे उत्तर कोणाचा वापर किती मान्य केला होता यावर अवलंबून राहील. ते माप गावाच्या किंवा संस्थेच्या सभेत, सर्वांच्या संमतीने, यंत्रे विकत घेण्याआधी ठरले पाहिजे.